श्वासाची साक्षरता



माझगाव, भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधोमध वसलेला घोडपदेव हा परिसर मुंबईच्या कष्टकरी जीवनाचा एक जिवंत दस्तऐवज आहे. कोकणातून आणि घाटमाथ्यावरून आलेली माणसे येथे दहा बाय बाराच्या खोल्यांत स्थिरावली. कोणी गिरणीत गेले, कोणी गोदीत, कोणी लाकडाच्या वखारीत, कोणी लोखंडबाजारात. कॉटन ग्रीन हे नावच मुळी कापसाच्या व्यापारातून आलेले. या कापसाने येथील हजारो चुली पेटवल्या आणि त्याच कापसाच्या तंतूंनी साचेखात्यातल्या आणि कांडीखात्यातल्या कामगारांच्या छात्याही भरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात भोंगे एकामागून एक मुके झाले आणि धुराडी उतरवली गेली. जिथे धुराडी होती तिथे आता मनोरे उभे आहेत. परंतु श्वासाचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्याने केवळ घर बदलले. आजोबांच्या छातीतून तो नातवाच्या छातीत उतरला.

जुने दुखणे, नवी धूळ

या भागाच्या हवेचा आणि येथील माणसांच्या फुफ्फुसांचा अभ्यास आजचा नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात मुंबईतील लालबाग, चेंबूर आणि खार या तीन वस्त्यांची एका ग्रामीण वस्तीशी तुलना करणारे मोठे सर्वेक्षण हाती घेतले. जिथे हवा अधिक दूषित, तिथे खोकला आणि धाप यांचे प्रमाणही अधिक, हा त्यातून पुढे आलेला निष्कर्ष. लालबाग म्हणजे घोडपदेवच्या अगदी शेजारचा भाग. गिरणी कामगारांना कापसाच्या धुळीमुळे जडणाऱ्या विकाराकडेही याच मंडळींनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

आज कापसाच्या धुळीची जागा सिमेंटच्या धुळीने घेतली आहे. जुन्या चाळी पाडून उभे राहणारे पुनर्विकासाचे प्रकल्प, मालवाहू ट्रकांची रहदारी, दारूखान्यातील जहाजतोडणी आणि पाव भाजणाऱ्या भट्ट्या या सर्वांचा वाटा येथील हवेत आहे. महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. मोठ्या भूखंडांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावण्याची अट तिच्यात आहे. तरीही ३० डिसेंबर २०२४ रोजी भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतील सर्व बांधकामे थांबवण्याचा निर्णय महापालिकेला घ्यावा लागला, कारण तेथील हवा सातत्याने बिघडलेली होती. पुढे जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले.

हवा स्वच्छ व्हायलाच हवी. तो नागरिकांचा हक्क आहे आणि शासनाचे कर्तव्य आहे. परंतु ज्या बालकाला आज रात्री दोन वाजता श्वास पुरत नाही, त्याला हवा स्वच्छ होईपर्यंत थांबता येत नाही. त्याच्या हाती आज काय देता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचे उत्तर दोन शब्दांत सांगता येते: औषध आणि ज्ञान. औषध बाजारात आहे. ज्ञान मात्र अजून घरापर्यंत पोहोचलेले नाही.

औषध आहे, वापर नाही

काही आकडे लक्षात घेण्यासारखे आहेत. २०१९ साली भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी हे सुमारे १३ टक्के होतात. मात्र दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. म्हणजे रोग जितका आपल्याकडे आहे, त्याच्या तिप्पट मरण आपल्याकडे आहे. ही तफावत आपल्या रक्तामांसाच्या दुबळेपणाची नसून उपचारांतील उणिवेची आहे.

पुण्यासह देशातील नऊ केंद्रांवर शाळकरी मुले आणि त्यांचे पालक यांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सहा-सात वर्षांच्या मुलांत छातीत घरघर होण्याचे प्रमाण ३.१६ टक्के, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत ३.६३ टक्के आढळले. परंतु खरी चिंता पुढेच आहे. ज्यांच्या छातीत घरघर होत होती, त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांना 'हा दमा आहे' असे कोणी सांगितलेलेच नव्हते. तीव्र लक्षणे असणाऱ्यांपैकीही ७० टक्के निदानाविनाच होते. आणि निदान झालेल्यांपैकी जेमतेम दहांतील एकही जण श्वासातून घ्यावयाचे प्रतिबंधक औषध रोज घेत नव्हता.

श्वासातून घेण्याचे साल्ब्युटामॉल १९६९पासून आणि बेक्लोमेथासोन १९७२पासून जगात उपलब्ध आहे. २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत बुडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल ही दोन्ही औषधे श्वासावाटे घेण्याच्या स्वरूपात समाविष्ट आहेत. पन्नास वर्षांहून अधिक जुने, परिणामकारक आणि भारतात तयार होणारे औषध असतानाही मुले गुदमरत असतील, तर प्रश्न विज्ञानाचा राहत नाही. तो समजुतीचा होतो.

दमा म्हणजे काय

आपल्या पूर्वजांना हा विकार अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार वर्णिले असून त्यांतील 'तमकश्वास' आजच्या दम्याशी पुष्कळ जुळतो. धूळ, धूर, वारा, थंड जागा आणि थंड पाणी ही त्याची कारणे चरकाने नोंदवली आहेत. म्हणजे धूळ आणि धूर यांपासून जपावे, हा उपदेश विलायतेतून आलेला नाही.

आधुनिक वैद्यक त्यात एक महत्त्वाची भर घालते. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांना आतून सतत सूज असते. ही सूज रुग्णाला जाणवत नाही. सर्दी, धूर, धूळ, थंडी अथवा धावपळ असे एखादे निमित्त झाले, की या सुजलेल्या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट स्राव वाढतो आणि हवा आत शिरण्यापेक्षा बाहेर पडणे कठीण होते. तीच ती शिट्टीसारखी घरघर. घोडपदेवच्या चाळीतील आजी तिला 'छाती भरली' म्हणते आणि 'पोट उडतंय' असेही सांगते. आजीचे हे निरीक्षण अचूक असते. बरगड्यांखाली खळगा पडणे आणि पोट उडणे ही श्वासाला कष्ट पडत असल्याची खूण डॉक्टरही तशीच पाहतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दम्याला दोन प्रकारची औषधे लागतात. एक आवळलेली नलिका तत्काळ मोकळी करणारे, दुसरे आतली सूज हळूहळू उतरवणारे. पहिले संकटमोचक, दुसरे रक्षक. आपल्याकडे घडते असे, की पहिल्याने आराम पडतो म्हणून तेच आपलेसे वाटते आणि दुसऱ्याने लगेच काही जाणवत नाही म्हणून ते पंधरा दिवसांत बंद पडते. घराला लागलेली आग विझवत राहायचे, पण गळणारी गॅसची नळी मात्र बदलायची नाही, अशातला हा प्रकार आहे. केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर दम्याचा उपचार करू नये, अशी स्पष्ट शिफारस जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ साली मोठी माणसे आणि किशोरवयीन मुले यांच्यासाठी केली.

येथे एक सावधानताही हवी. लहान बाळाची प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे. अमेरिकेतील टक्सन येथे जन्मापासून मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात असे दिसले, की तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांना सहाव्या वर्षी ती राहिली नव्हती. म्हणून भीतीही नको आणि दुर्लक्षही नको. वारंवार होणारी घरघर, रात्रीचा किंवा पहाटेचा खोकला, धावल्यावर लागणारी धाप आणि घरात कोणाला दमा अथवा त्वचेची अ‍ॅलर्जी असणे, या गोष्टींची नोंद ठेवून डॉक्टरांपुढे मांडणे हेच शहाणपणाचे.

पंपाची भीती

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'आधी गोळ्या-औषधे, मग पंप' ही वाक्ये दक्षिण मुंबईतल्या सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. त्यांचा विचार शांतपणे केला पाहिजे.

साल्ब्युटामॉलची गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे गोळीतून पोटात, पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात जाणारी मात्रा एका फवाऱ्याच्या वीस ते चाळीस पट असते. हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्याचेच परिणाम. फवाऱ्याचे औषध थोडे असते आणि जिथे हवे तिथेच पोहोचते. डोळे आले तर आपण डोळ्यांत थेंब घालतो, गोळी गिळत नाही. फुफ्फुसाच्या आजाराला फुफ्फुसात औषध, इतका हा सरळ न्याय आहे.

सवयीविषयी म्हणाल, तर चष्म्यालाही कोणी व्यसन म्हणत नाही. आणि स्टेरॉइडच्या भयाविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. बुडेसोनाइड वर्षानुवर्षे घेतलेल्या मुलांची प्रौढपणी उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन अमेरिकन अभ्यासात आढळले. हा परिणाम लपवण्याचे कारण नाही. पण एका पारड्यात जेमतेम अर्धा इंच आणि दुसऱ्या पारड्यात जागून काढलेल्या रात्री, बुडालेली शाळा आणि जिवाला असलेला धोका ठेवला, तर तराजू कोणीकडे झुकतो, हे आईला समजावून सांगावे लागत नाही. तिला ही तुलना प्रामाणिकपणे सांगणारे कोणीतरी हवे असते.

ही माणसे मिळत नाहीत म्हणूनच गाढविणीच्या दुधापासून हैदराबादच्या माशाच्या औषधापर्यंतच्या वाटा धुंडाळल्या जातात. त्यांची टिंगल करून काही साधत नाही. ज्या आईच्या मांडीवर लेकरू तडफडते, ती कुठेही जाईल. तिला योग्य वाट दाखवणे हे जाणत्यांचे काम. योगाभ्यासाचेही तसेच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेले आणि दम्यावरील योगोपचारांचाही तेथे अभ्यास झाला. श्वसनाचा अभ्यास जरूर करावा. त्याने मन स्थिर होते, श्वासावर ताबा येतो. परंतु तो औषधाच्या जोडीने करावा, औषधाच्या जागी नव्हे. आणि झटका आलेला असताना प्राणायाम नव्हे, पंपच हवा.

शिक्षणाने फरक पडतो काय

'लोकांना सांगून काय होणार?' असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनातही येतो. त्याचे उत्तर अभ्यासांनी दिले आहे. मुलांना आणि पालकांना दम्याची निगा राखण्याचे शिक्षण देणाऱ्या ३२ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ३,७०६ मुले होती. शिक्षण मिळालेल्या मुलांची श्वसनक्षमता सुधारली, शाळेतील गैरहजेरी घटली आणि तातडीने रुग्णालयात धावण्याच्या वेळा कमी झाल्या.

अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत झालेला प्रयोग तर चाळीतल्या जीवनाला अधिक जवळचा आहे. दाट वस्ती, ओल, झुरळे आणि हातावर पोट असलेली कुटुंबे. १९९७ साली तेथील पाहणीत आढळले, की दमेकरी मुलांपैकी सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळाची अ‍ॅलर्जी होती, आणि अशी मुले भरपूर झुरळांच्या खोलीत झोपत असतील तर त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ तिपटीहून अधिक येत होती. मग आठ शहरांतील १,०३३ मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या कुटुंबांना प्रशिक्षित समाजसेवकाची सोबत देण्यात आली. तो औषध लिहून देत नसे. तो घरी विचारपूस करी, पंपाची पद्धत पाही, डॉक्टरांना काय विचारायचे ते शिकवी, झुरळे व धूळ कमी करण्याचे मार्ग सांगे. दर पंधरवड्यातील त्रासाचे दिवस ४.०६ ऐवजी ३.५१ झाले. फरक डोळे दिपवणारा नाही, पण समाजसेवकाचे येणे थांबल्यावर दुसऱ्या वर्षीही तो टिकला. जे शिकले गेले, ते त्या घराचे झाले. ज्या वस्तीत मंडळ आहे, महिला मंडळ आहे, शाखा आहे, व्यायामशाळा आहे, तिथे असा सोबती उभा करणे किती सोपे आहे, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

घरात काय करावे

पहिली गोष्ट पंप घेण्याची रीत. चुकीच्या रीतीने घेतलेला पंप जिभेवरच संपतो आणि दोष मात्र औषधाला येतो. लहान मुलांनी पंप नेहमी स्पेसर जोडूनच घ्यावा. पंप हलवावा, एक फवारा द्यावा, मुलाने स्पेसरमधून पाच-सहा वेळा शांतपणे श्वास घ्यावा आणि मगच दुसरा फवारा द्यावा. रक्षक औषधानंतर चूळ भरावी. स्पेसर परवडत नसेल तर? केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की ५०० मिलिलिटरच्या थंड पेयाच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा नीट बंद करून बनवलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकेच काम करतो. मात्र तो डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली वापरावा. गरिबी हे मुलाच्या गुदमरण्याचे कारण ठरू नये, हा या बाटलीचा धडा आहे.

दुसरी गोष्ट घरातल्या धुराची. बाहेरच्या धुराला नावे ठेवताना आतला धूर विसरला जातो. डास पळवणारी एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण सोडते, तितके ७५ ते १३७ सिगारेटी जळल्यावर सुटतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. रात्रभर बंद खोलीत ती मुलाच्या उशाशी जळत असते. त्याऐवजी मच्छरदाणी लावावी. घरातली विडी-सिगारेट आणि तव्यावर भाजली जाणारी मिस्री पूर्ण बंद व्हावी. देवघरातील धूप-अगरबत्तीविषयी बोलताना अनेकांची जीभ अडखळते. तसे होण्याचे कारण नाही. निरांजन, फूल आणि नामस्मरण यांनी पूजा उणी राहत नाही. घरातील बालकाचा श्वास मोकळा ठेवणे हीही पूजाच आहे.

तिसरी गोष्ट लिखित आराखड्याची. डॉक्टरांकडून एका कागदावर तीन रंगांत लिहून घ्यावे. हिरव्यात रोजचे औषध, पिवळ्यात खोकला-घरघर वाढली तर काय, आणि लाल रंगात धोक्याच्या खुणा. वाक्य पुरे करता न येणे, ओठ निळसर पडणे, मूल मलूल होणे, पंप घेऊनही आराम न पडणे, यांपैकी काहीही दिसले, की क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा टॅक्सीने रुग्णालय गाठावे. जे. जे., नायर, के. ई. एम. आणि मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय ही मोठी रुग्णालये या परिसरापासून फार दूर नाहीत. हा कागद कपाटात नव्हे, दारामागे चिकटवावा. आई कामावर गेलेली असेल तर आजीला, आणि आजी नसेल तर शेजारणीला तो वाचता आला पाहिजे.

शाळेचे आणि मंडळांचे काम

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून देशात राबवला जातो. मुलांमध्ये शोधून काढावयाच्या ज्या तीस विकारांची सूची त्यात आहे, तिच्यात दम्यासारखा श्वासनलिकांचा विकारही आहे. म्हणजे शिक्षकांनी लक्ष द्यावे ही शासनमान्य अपेक्षा आहे. वर्गात कोणाला दमा आहे, त्याचा पंप कुठे आहे आणि झटका आल्यास काय करायचे, हे वर्गशिक्षकाला ठाऊक हवे. पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असून उपयोग नाही. खेळाच्या तासाला दमेकरी मुलाला कायम बाकावर बसवून ठेवणे हे प्रेम नव्हे. औषधाने दमा आटोक्यात असलेले मूल कबड्डी खेळू शकते आणि त्याने ती खेळलीच पाहिजे.

मंडळांनी दरवर्षीच्या आरोग्य शिबिरात रक्तदानाच्या जोडीला एक मेज 'पंप तपासणी'चे ठेवावे. मुलाने आपला पंप आणावा, घेऊन दाखवावा, परिचारिकेने चूक दुरुस्त करावी. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाला मोठा खर्च नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत फटाके आणि गुलाल आवरले, तर गल्लीतल्या दोन-चार घरांतील त्या रात्रीची झोप वाचेल. शेजारच्या बांधकामाला पत्रे, कापड आणि पाण्याचा फवारा नसेल, तर प्रभाग कार्यालयात तक्रार नोंदवावी. आरोग्यशिक्षण म्हणजे साऱ्या जबाबदारीचे ओझे आईच्या डोक्यावर टाकणे नव्हे. ज्याला कारण कळते, तोच हक्काने जाब विचारू शकतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. मुलीला दमा असला तर तो लपवला जातो, पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून. पंप पदराआड, औषध चोरून, आणि त्रास वाढला तरी तोंड मिटलेले. लपवलेला दमा बरा होत नाही, तो एखाद्या रात्री अचानक उघड होतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. चष्मा लावणाऱ्या मुलीला जसे कोणी वेगळे मानत नाही, तसे पंप घेणाऱ्या मुलीलाही मानू नये, हा समाजाच्या शिक्षणाचा भाग आहे.

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जगभर दमा दिन पाळला जातो. २०२४ साली त्याचे सूत्र दम्याविषयीचे शिक्षण माणसाला सक्षम करते, असे होते. एक दिवस पाळून हे काम संपणार नाही. ज्या वस्तीने गिरण्यांचा उत्कर्ष पाहिला, संपाची होरपळ सोसली आणि तरीही एकमेकांचा हात सोडला नाही, त्या वस्तीला हे अवघड नाही. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या चाळीतील, आपल्या इमारतीतील एका दमेकरी मुलाच्या घरी जावे. त्याचा पंप कुठे ठेवलेला आहे, त्यात औषध शिल्लक आहे काय आणि तो कसा घ्यायचा हे घरात किती जणांना येते, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर तेथूनच कामाला प्रारंभ करावा.